जिंकल्यावर कळलेली चूक

प्रश्न : 'पॅन्डेमिक' हा सगळ्यांनी मिळून जगभरची साथ रोखायचा बोर्डगेम आम्ही घरी पाच वेळा हरलो. दर वेळी पत्ते यजमान पिसायचे. गेल्या रविवारी ते बाहेरगावी होते, म्हणून ते काम माझ्याकडे आलं आणि सासूबाई, बारा वर्षांचा मुलगा आणि मी असे तिघं चक्क जिंकलो! मुलाने खोक्याच्या झाकणावर आतून तारीख घालून 'जिंकलो' लिहिलं. रात्री नियम वाचले तेव्हा कळलं, की एपिडेमिकचा, म्हणजे साथ भडकवणारा पत्ता निघाल्यावर संसर्गाचे वापरलेले पत्ते पिसून गड्डीच्या वर ठेवायचे असतात. मी ते अख्ख्या गड्डीत मिसळत होते. मुलाला सांगू की राहू दे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, सांगा. यजमान परतायच्या आत सांगा.

ही चूक बारीक नाही. संसर्गाचे पत्ते 48, दर शहराचा एक; ज्या शहराचा निघेल तिथे साथीचा ठोकळा बसतो. सुरुवातीला नऊ शहरांवर ठोकळे ठेवताना नऊ पत्ते जातात, मग दर पाळीला दोन. चार पाळ्यांनंतर एपिडेमिक आला तर त्या वेळी गड्डीच्या तळातून काढायचा एक धरून वापरलेले 18 पत्ते होतात. हे 18 वर ठेवले की पुढचा प्रत्येक पत्ता त्यांतलाच, म्हणजे आधीच आजारी असलेल्या शहराचा. मुंबईवर तीन ठोकळे असताना पुन्हा मुंबई निघाली, तर साथ कराची, दिल्ली आणि चेन्नईत पसरते. असे आठ उद्रेक झाले की डाव हरला. तुम्ही ते 18 पत्ते 48 मध्ये विरघळवून टाकलेत, म्हणून साथ पांगली. मॅट लीकॉक यांनी 2008 साली आणलेल्या या खेळाचा सगळा जीव त्या एका पिसण्यात आहे, असं मी मानते.

समोर प्रतिस्पर्धी नव्हता, मग फसवलं कोणाला, असं तुमच्या मनात येत असेल. पण पुढच्या रविवारी यजमान बरोबर पिसतील. तीन ठोकळ्यांचं शहर सोडून दिलं तरी चालतं, असं मुलगा या डावात शिकलाय. तो तसंच खेळेल, डाव हातचा जाईल आणि त्याला वाटेल आपलंच डोकं चाललं नाही. मला काळजी त्याची वाटते.

आमच्याकडे उलटं झालं होतं. मी आणि माझे दोन भाचे कित्येक महिने एकमेकांना हातातला शहराचा पत्ता (हे पत्ते संसर्गाच्या पत्त्यांहून वेगळे, औषध शोधायला लागतात) फक्त 'द्यायचो'. दोघं त्या शहरात असतील तर आपल्या पाळीत समोरच्याच्या संमतीने तो घेताही येतो, हे कोणी वाचलंच नव्हतं. कळलं तेव्हा धाकटा रडकुंडीला आला, "म्हणजे आपण उगाच हरलो!" तरी हरलेले डाव आम्ही जिंकल्यात धरले नाहीत. मग तुमचा जिंकलेला डाव तरी का खोडायचा? सासूबाई आणि नातू तासभर डोकं लावून बसले होते, ते खरंच आहे.

त्याला समोर बसवा, पत्ते हातात घ्या आणि दोन्ही पद्धतींनी पिसून दाखवा. चूक माझी, हे आधी म्हणा. मग पेन त्याच्याच हातात द्या. 'जिंकलो'च्या शेजारी काय लिहायचं ते त्याला ठरवू दे. आमच्या झाकणावर थोरल्याने लिहिलंय : 'पत्ता घेता येतो. 14 डावांनंतर कळलं.'