हिंटरलँड्समध्ये अडकू नका

२०१४ चा ‘ड्रॅगन एज: इन्क्विझिशन’ हा व्हिडिओ गेम सुरू करून कंटाळला असाल, तर तुमच्या कंटाळ्याचे कारण खेळ नसून त्यातला पहिला मोठा प्रदेश, म्हणजे हिंटरलँड्सच आहे. हिंटरलँड्स पूर्ण केल्याशिवाय पुढे जायचे नाही, हा समज नवख्यांची सर्वांत मोठी चूक ठरतो, मीही सुरुवातीला निर्वासितांसाठी मेंढ्यांचे मांस गोळा करत डोंगर पालथे घातले आणि मूळ कथा विसरूनच गेलो.

तिथल्या धर्मसेविका मदर जिझेल यांना भेटा, दोन-चार छावण्या उभारा, आवाक्यातल्या भेगा (हवेतल्या ज्या फटींतून राक्षस बाहेर पडतात त्या) बंद करा आणि युद्धपटलावर, म्हणजे मोहिमा निवडायच्या नकाशाच्या टेबलावर, व्हाल रोयो या शहराची मोहीम उघडताच निघा, कारण हा प्रदेश नंतरही खुलाच राहतो आणि वाढलेल्या लेव्हलने तिथली कामे कितीतरी सोपी होतात. छावण्यांमधल्या मागणीपत्रकांकडे (साहित्य गोळा करून देण्याच्या कामांकडे) आणि प्रदेशभर विखुरलेल्या शार्ड्स नावाच्या तुकड्यांकडे सध्या ढुंकूनही पाहू नका. एखादी भेग दोन प्रयत्नांत बंद झाली नाही, तर ती तुमच्या लेव्हलची नाही असे समजावे. ईशान्येकडच्या ड्रॅगनच्या वाटेला तर इतक्यात जाऊच नये.

सोबत्यांशी मात्र प्रत्येक मोहिमेनंतर हेवन या तुमच्या सुरुवातीच्या तळावर आवर्जून बोला. खरा खेळ तिथे आहे, आणि तो वेळ अजिबात वाचवू नका.