सत्तर हजार घेऊन सही करावी का?

तासगाव तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलंय. वय ३८, द्राक्षबागांत छाटणीची टोळी चालवतात. जानेवारीत रात्री घरी परतताना उसाच्या ट्रॉलीवर मागून दुचाकी आदळली. ट्रॉली रस्त्यातच उभी, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. उजवं मनगट मोडलं, मिरजेत प्लेट बसवली, १ लाख ४० हजार गेले. त्यासाठी बायकोचे दागिने ठेवून १ लाख १० हजारांचं सोनेतारण केलंय. पोलिसांत गुन्हा नोंद आहे. ट्रॅक्टरवाला सासुरवाडीकडचा पाव्हणा निघाला. तो ७० हजार रोख देतोय, पण दावा लावणार नाही असं लिहून द्यायचं. घरचे म्हणतात, घेऊन टाका, पाव्हण्याला कोर्टात कशाला ओढता?

दादा, सही करू नका.

आधी पाव्हण्याचंच बोलू, कारण तुमचा पाय तिथं अडकलाय. प्रत्येक वाहनाला तृतीय पक्ष विमा, म्हणजे वाहनामुळं दुसऱ्याला झालेल्या नुकसानाचा विमा, सक्तीचा आहे तो ह्याचसाठी. दाव्यात मालकाचं नाव लागतं, पण विमा चालू असेल तर पैसे साधारणपणे विमा कंपनी भरते. म्हणून आजच पाव्हण्याकडून अपघाताच्या तारखेची पॉलिसी मागून घ्या, ट्रॅक्टरची आणि ट्रॉलीचीही. ट्रॅक्टर शेतीसाठी नोंदलेला आणि भाड्यानं ऊस ओढत होता, तर कंपनी तो मुद्दा काढणार हे धरून चाला. अशा वेळी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, म्हणजे असे दावे चालवणारं कोर्ट, बऱ्याचदा कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला लावतं आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगतं. ती झळ पाव्हण्याला बसू शकते, तेव्हा त्याला हे आधीच मोकळेपणानं सांगा. आणि विमाच नसेल, तर माझा सल्ला बदलेल. मग वसुली त्याच्या मालमत्तेतून करावी लागते, वर्षं जातात. तिथं तडजोडीला अर्थ आहे, पण ७० हजारांत नाही.

आता आकडे. महिना १५ हजार कमाई धरली तर वर्षाचे १ लाख ८० हजार. चाळिशीच्या आतल्या, स्वतःचा धंदा करणाऱ्याच्या कमाईत पुढच्या वाढीपोटी ४० टक्के मिळवतात, म्हणजे २ लाख ५२ हजार. कमाईची ताकद २० टक्के गेली असं ठरलं तर वर्षाला ५० हजार ४०० चं नुकसान. वर्षाच्या नुकसानाला वयानुसार ठरलेल्या आकड्यानं, म्हणजे गुणकानं, गुणतात; तुमच्या वयाला तो १५, म्हणून ७ लाख ५६ हजार. दवाखान्याचा खर्च आणि चार महिन्यांची बुडालेली मजुरी मिळवली की साडेनऊ लाख होतात.

एवढं मिळेलच असं मी म्हणत नाही. हाताशी पुरावा नसला तर कमाई १० हजारच धरतील, नुकसान १० टक्केच मानतील. मागून आदळलात म्हणून ३० टक्के चूक तुमचीही ठरवतील. सगळं असं उलटं पडलं तरी माझ्या हिशेबानं तीन लाखांच्या आसपास येतात, वर साधारणपणे अर्जाच्या तारखेपासूनचं व्याज. निकालाला काही वर्षं लागू शकतात, हे खरंच जड आहे. पण ७० हजारांत दागिनेसुद्धा सुटत नाहीत.

तुमच्या पत्रातली एक ओळ माझ्या डोक्यातून जात नाही: ‘कात्री मिटते, पण जाड काडी आली की मनगटातून कळ निघते.’ दाव्याचा जीव ह्याच ओळीत आहे. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की अपंगत्वाचा शरीराचा टक्का आणि कमाईतला टक्का एकच नसतो. कारकुनाचं मनगट आणि छाटणीवाल्याचं मनगट वेगळं. म्हणून अपंगत्वाच्या दाखल्याबरोबर तुमचं काम नेमकं काय, हेही न्यायाधिकरणापुढे यायला हवं. ज्यांचं काम उक्तं घेतलंत त्या बागायतदारांच्या वह्या, फोनवर आलेल्या पैशांच्या नोंदी, टोळीतल्या दोघांची साक्ष, हे सगळं गोळा करा. सध्या टोळीवर नुसती देखरेख करून काही मिळत असेल तर तेही लपवू नका.

औषधांच्या बिलांची आजच झेरॉक्स काढा. माझ्याकडे पलूसचे एक जण पिशवीभर बिलं घेऊन आले होते. मेडिकलच्या त्या गुळगुळीत कागदावरची शाई उडून निम्मी कोरी झाली होती. किती खर्च झाला हे त्यांना तोंडपाठ होतं, दाखवायला मात्र काही नव्हतं.

दावा लावायची मुदत अपघातापासून सहा महिन्यांची आहे, हा नियम २०२२ पासूनचा. तुमचे चार गेले. दावा तुम्ही राहता त्या भागातल्या न्यायाधिकरणातही लावता येतो, लांब जायला नको. वकिलांची फी आधी कागदावर ठरवा. निकालातल्या रकमेत हिस्सा घ्यायला त्यांना नियमानं बंदी आहे. फी झेपत नसेल तर सांगलीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा. पुढं विमा कंपनीनं बरी रक्कम देऊ केली तर लोकअदालतीत मिटवता येईल, फक्त त्यावर अपील नसतं हे ध्यानात ठेवा.

तोवर सोनेतारणाचं व्याज थकवू नका. मुद्दल राहू दे, पण दागिने लिलावापर्यंत जाता कामा नयेत. पाव्हणा खरोखर मदत म्हणून काही देत असेल तर घ्या, त्याची नोंद ठेवा आणि दाव्यात तसं सांगा. फक्त ‘माझी काही तक्रार नाही’ अशा कागदावर अंगठा नको, सही नको. सासऱ्यांना सोबत घेऊन जा आणि त्यांच्यादेखतच पॉलिसीची प्रत मागा.