'लोकशाही' आणि 'प्रजासत्ताक': दोन शब्द कशासाठी?

प्रश्न असा आहे: संविधानाच्या उद्देशिकेत 'लोकशाही गणराज्य' म्हटले आहे आणि २६ जानेवारीला आपण 'प्रजासत्ताक दिन' साजरा करतो, हे तिन्ही शब्द समानार्थी असतील, तर उद्देशिकेत दोन शब्द एकापुढे एक कशासाठी ठेवले?

'गणराज्य' आणि 'प्रजासत्ताक' हे दोन्ही 'रिपब्लिक'चे मराठी पर्याय आहेत, त्यामुळे त्यांच्यात तत्त्वतः फरक नाही. 'लोकशाही' मात्र 'डेमॉक्रसी'साठी योजलेला शब्द आहे. रिपब्लिक हा शब्द मुळात रोमचा आणि डेमॉक्रसी अथेन्सची. त्या दोन नगरांनी दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे दिली होती.

ग्रीक 'देमोक्रातिया'मध्ये 'देमोस' आणि 'क्रातोस' हे दोन शब्द आहेत. देमोस म्हणजे लोक, पण त्याचाच दुसरा अर्थ गाव किंवा वस्ती असा होतो. इ.स.पू. ५०८-५०७ मध्ये क्लेइस्थेनीसने अथेन्सची राज्यव्यवस्था नव्याने बांधली, तेव्हा त्याने अशा सुमारे १४० वस्त्यांना नागरिकत्वाचा पाया केले, त्यांची विभागणी दहा गणांत केली आणि प्रत्येक गणातून पन्नास असे पाचशे सदस्यांचे मंडळ उभारले. नागरिकाची ओळख त्याच्या मूळ वस्तीवरून सांगितली जाई, आणि घराणे दुसरीकडे राहायला गेले तरी ती ओळख वंशपरंपरेने टिकत असे. अथेन्सचा प्रसिद्ध नेता पेरिक्लीस हा खोलार्गोस या वस्तीचा. आपल्या 'कर'प्रत्ययान्त आडनावांची येथे आठवण व्हावी. 'गाव करी ते राव न करी' या म्हणीतले 'गाव' जसे घरांचे नसून माणसांचे असते, तसाच हा देमोस.

'क्रातोस' तर अधिक बोलका आहे. एकाच्या राज्याला ग्रीक लोक 'मोनार्खिया' आणि मोजक्यांच्या राज्याला 'ओलिगार्खिया' म्हणत; त्या दोन्हींत 'आर्खे', म्हणजे अधिकारपद, हा शब्द दडलेला आहे. लोकांच्या राज्याला मात्र त्यांनी क्रातोस जोडले, आणि त्याचा अर्थ बळ, वरचष्मा असा आहे. देमोस म्हणजे सगळेच नागरिक की केवळ सामान्य, गरीब जनता, हा वाद ग्रीकांतही होता. ॲरिस्टॉटलने देमोक्रातिया म्हणजे गरिबांचे राज्य असाच अर्थ घेतला आणि तिला बिघडलेल्या राज्यप्रकारांत टाकले. स्त्रिया, गुलाम आणि अथेन्समध्ये स्थायिक झालेले परके यांना या देमोसमध्ये राजकीय स्थान नव्हते, हेही विसरता कामा नये.

रोमन परंपरेनुसार इ.स.पू. ५०९ मध्ये तार्क्विन राजाला हाकलल्यावर दरवर्षी दोन कॉन्सल, म्हणजे सर्वोच्च अधिकारी, निवडले जाऊ लागले, आणि या राजाविना राज्याला 'रेस पुब्लिका' हे नाव मिळाले. 'रेस' म्हणजे बाब, मालमत्ता; 'पुब्लिका' म्हणजे सर्वांची. रोमन वक्ता आणि विचारवंत सिसेरो याने तिची व्याख्याच 'लोकांची मालमत्ता' अशी केली. राज्य कोणाचे, याचे उत्तर त्यात आहे. वरचष्मा कोणाचा, याचे नाही. कॉन्सल निवडणाऱ्या सभेत १९३ मतगट होते, आणि परंपरेने सांगितलेल्या रचनेनुसार त्यांपैकी ९८ गट घोडेस्वार आणि सर्वांत श्रीमंत वर्ग यांच्याकडे होते, म्हणजे ते एकत्र आले की निकाल तिथेच लागे. तरीही रोम ही रेस पुब्लिका होतीच.

म्हणून उद्देशिकेतले दोन्ही शब्द आवश्यक आहेत. ब्रिटनमध्ये लोकशाही आहे, पण राजपद वंशपरंपरेने चालते, म्हणून ते गणराज्य नाही; उलट ज्या राज्यात राजा नाही आणि जनतेला मतही नाही, तेही नावाने गणराज्य असू शकते.

मराठीपुरती एक अडचण मला महत्त्वाची वाटते. 'प्रजासत्ताक' या शब्दाची फोड केली, तर प्रजा म्हणजे देमोस आणि सत्ता म्हणजे क्रातोस, म्हणजे अक्षरार्थाने तो डेमॉक्रसीचाच अनुवाद ठरतो. शिवाय 'प्रजा' म्हटले की तिच्या वर कुठेतरी राजा गृहीत धरला जातो. आदिलशाही, कुतुबशाही यांतला फारसी 'शाही' हा मूळचा शहाचा प्रत्ययही 'लोक'ला जोडला गेला, पण तिथे त्याचा अर्थ रुळून नुसता 'राज्यपद्धती' असा झाला आहे. 'रेस पुब्लिका'ला सर्वांत जवळचा मराठी शब्द मात्र राज्यशास्त्रात नसून रोजच्या वापरात आहे: पाणवठा, रस्ता, वाचनालय यांच्यामागे आपण लावतो तो 'सार्वजनिक'.