नववीतला मुलगा घेऊन डॅलसला येताय, तर त्या फुटबॉलबद्दल

ताई, तुमचा प्रश्न परवाच वाचला, म्हटलं देईल कोणीतरी उत्तर, पण दोन रात्री डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसलोय. मिस्टरांची डॅलसला बदली, जूनमधे निघायचं, मुलगा पुण्यात नववीत, सॉकर चांगलं खेळतो, आणि कोणीतरी सांगितलंय की तिकडे शाळेत अमेरिकन फुटबॉलमधे घातला की कॉलेज फुकट होतं, तर हे कितपत खरं. व्हिसा, घरभाडं, इन्शुरन्स यावर मी काही बोलत नाही, ते कंपनीचा वकील माझ्यापेक्षा बरं सांगेल.

फुकट होतं, पण मोजक्यांचं. कॉलेजातले खेळ चालवणारी संस्था म्हणजे एनसीएए, तिचे तीन डिव्हिजन, आणि कॉलेज फुटबॉलची सगळ्यात वरची पातळी म्हणजे डिव्हिजन वनमधली एफबीएस, तिथे एका टीमला ८५ स्कॉलरशिपची मर्यादा होती, २०२५ पासून खेळाडूंना पैसे देण्याबाबतचा नवा करार मान्य केलेल्या कॉलेजांना ती नाही, त्याऐवजी टीममधे जास्तीत जास्त १०५ खेळाडू. ऐकायला बरं वाटतं, पण याचा फटका बसला वॉक-ऑनना, म्हणजे स्कॉलरशिप न घेता टीममधे असणाऱ्यांना, आणि किकर लोक, म्हणजे फक्त बॉल लाथेने मारायला ठेवलेले, बरेचसे याच रस्त्याने आत यायचे. डिव्हिजन थ्रीमधे खेळासाठी स्कॉलरशिप नसतेच, हार्वर्ड-येलवाल्या आयव्ही लीगमधेही नाही. त्यात ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी. २०१८ मधे सुरू झालं आणि २०२१ पासून कॉलेज बदललं तरी एक वर्ष बसून काढावं लागत नाही, मग कोच शाळेतला कच्चा पोरगा कशाला घेईल, दुसऱ्या कॉलेजात तीन वर्षं खेळून तयार झालेला मिळत असताना.

किकर म्हटलं कारण तुमचा मुलगा सॉकरवाला आहे, त्याला तेच सांगणार सगळे. आमच्यालाही तेच सांगितलं. बाकीच्या जागांवर तीनशे पौंडाची पोरं असतात, आपलं पाप्याचं पितर तिथे काय टिकणार. पण किकर टीमला लागतात एक-दोन, आणि आहे तो चांगला असेल तर चार वर्षं नवीन बघतही नाहीत. आणि हो, कॉलेजमधे फील्ड गोल, म्हणजे लाथेने बॉल खांबांमधून पार करायचा तो, थेट जमिनीवरून मारावा लागतो, शाळांमधे बऱ्याच ठिकाणी खाली छोटा ब्लॉक ठेवतात, त्याची सवय लागली की सुटत नाही. पहिल्यापासून जमिनीवरून मारू दे.

पत्रांना भुलू नका. दहावीत असताना आमच्याकडे एका कॉलेजचं पत्र आलं, जाड कागद, वर सोनेरी लोगो, बायकोने देवापुढे ठेवून कुंकू लावलं. नंतर कळलं ती कॅम्पची जाहिरात होती, फी भरून या म्हणून. डिव्हिजन वनचा कोच स्वतःहून वैयक्तिक मेसेज करू शकतो तो अकरावीच्या १ सप्टेंबरपासून, त्याआधी येतं ते माहितीपत्रक. तोंडी ऑफरलाही अर्थ नाही, डिसेंबरच्या सुरुवातीला किंवा फेब्रुवारीत कागदावर सह्या होतात तेव्हा खरं. हडल म्हणून खेळाडूंच्या व्हिडिओंची साइट आहे, तिथे व्हिडिओ टाकायचा, चांगले किक पहिल्या तीस सेकंदात, कोच पुढचं बघत नाहीत.

आता ज्यासाठी एवढं लिहायला घेतलं ते. आम्ही २०१४ च्या जूनमधे आलो, मुलगा मार्चमधे पुण्यात नववी पास होऊन, म्हणजे अगदी तुमच्यासारखंच. इकडच्या शाळेत कौन्सेलर बाई म्हणाल्या, वयाने हा इथल्या नववीतच बसतो, शिवाय तिकडच्या विषयांची क्रेडिट्स लावता येणार नाहीत, नववी परत करू दे. मला तर आनंदच झाला हो. एक वर्ष जास्तीचं मिळतंय, इंग्लिश सुधारेल, कॉलेज प्रवेशाच्या एसएटी परीक्षेला वेळ मिळेल, असं म्हणून मी तिथल्या तिथे फॉर्मवर सही केली. पोरगा शेजारच्या खुर्चीत बसला होता, त्याला विचारलंसुद्धा नाही.

दहावीत तो ज्युनियर टीममधे गेला, अकरावीत व्हार्सिटीचा, म्हणजे शाळेच्या मुख्य टीमचा, किकर झाला. तुम्हाला कल्पना नाही येणार, इकडे शुक्रवारी रात्री सगळं गाव शाळेच्या मॅचला लोटतं. आमच्याजवळ ॲलनला शाळेचं स्टेडियम आहे, शाळेचं बरं का, १८,००० लोक बसतात, २०१२ मधे झालं तेव्हा ६ कोटी डॉलर लागले होते. बायको बूस्टर क्लबच्या, म्हणजे टीमसाठी पैसे जमवणाऱ्या पालकांच्या, स्टॉलवर नाचोज विकायची आणि मी वर बाकावर. बाकीचे बाप आपण शाळेत असताना कुठल्या जागेवर खेळायचो ते बोलत असायचे, मला एकदा विचारलं, मी म्हटलं खो-खो, मग ते समजावण्यात सगळा हाफटाइम गेला आणि पुन्हा कोणी विचारलं नाही. पण त्या वर्षी त्याने ४४ यार्डांचा मारला तेव्हा शेजारच्या माणसाने मला उचललं होतं, अक्षरशः.

अकरावीच्या शेवटी दोन-तीन छोट्या कॉलेजांचे कोच खरंच बोलायला लागले, म्हणून एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरला, म्हणजे खेळाडू पात्र आहे का ते तपासतात तिथे, नोंदणी केली. तिथे नववीपासूनच्या सगळ्या मार्कशीट लागतात, जिथे जिथे शिकला तिथल्या. १६ कोअर कोर्स, म्हणजे मुख्य विषय, मोजतात, इंग्लिश चार वर्षं, गणित तीन, असं सगळं. मी पुण्याची नववीची मार्कशीट काढून शाळेच्या कोचला दिली. त्याने बघितली, परत बघितली, आणि विचारलं, नववी दोनदा?

टेक्सासमधे शाळेच्या खेळांचा नियम असा की पहिल्यांदा नववीत पाऊल टाकलं तिथून सलग चार वर्षं खेळता येतं. नववी कुठल्या देशात केली त्याने फरक पडत नाही. त्याचं घड्याळ पुण्यात २०१३ मधेच सुरू झालं होतं. म्हणजे २०१७ चा सीझन, बारावीचा, जो कोच लोक सगळ्यात जास्त बघतात, तो गेला. सवलतीसाठी अर्ज केला, भारतातून शाळेचं पत्र मागवलं, तिकडे क्लार्क म्हणे साहेब सुट्टीवर, मग पत्र आलं तर त्यात जन्मतारीख चुकलेली, परत मागवलं, नोटरी, कुरियर, आणि शेवटी अर्ज नामंजूर. कॉलेजवालेही कोअर कोर्सची वर्षं नववी सुरू झाल्यापासूनच मोजतात, हेही तेव्हाच कळलं.

त्या वर्षीपासूनच डिसेंबरमधे सह्या करायची पद्धत सुरू झाली. शाळेच्या जिममधे टेबल मांडलं, पोरांनी टोप्या घातल्या, आमचा मागे उभा राहून टाळ्या वाजवत होता. एका डिव्हिजन थ्रीच्या कोचला तरीही तो हवा होता, पण तिथे स्कॉलरशिप नाही, एच-४ वर, म्हणजे नोकरीवाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर, केंद्र सरकारची मदत मिळत नाही, आणि फी बघून मीच नको म्हटलं. दुसरी सही म्हणा. मोठ्या सरकारी युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंग केलं, आता चांगली नोकरी आहे. मला एका शब्दाने कधी बोलला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं असं वाटतं कधीकधी.

एकटेपणाचं विचारलंत. होतो, सहा महिने. मग गणपतीत चार ओळखी होतात, इंडियन स्टोअरमधे बाकरवडी मिळते, सवय होते. आमच्या घरातून अजून शुक्रवारी शाळेचा बँड ऐकू येतो, मी तेव्हा टीव्हीचा आवाज वाढवतो एवढंच.

तर तुम्ही असं करा. पहिल्या दिवशी कौन्सेलरला दहावीतच घ्या म्हणून सांगा आणि नसतील ऐकत तर सही न करता घरी या, शाळेच्या ॲथलेटिक डायरेक्टरला, म्हणजे खेळांच्या प्रमुखाला, भेटा, घड्याळ कधीपासून मोजणार ते ईमेलवर लेखी घ्या. निघायच्या आधी पुण्याच्या शाळेतून नववीचा सिलॅबस, विषयवार तास, मुख्याध्यापकांची सही-शिक्का, सगळ्याच्या तीन प्रती इंग्लिशमधे. पैशांचं, म्हणजे हे एनआयएल वगैरे, खेळाडूला स्वतःच्या नावावर आणि फोटोवर जाहिरातींचे मिळतात ते, एच-४ वर घेता येतं का ते वकिलाला विचारल्याशिवाय एक डॉलर घेऊ नका. आणि मार्कशीट लॅमिनेट करू नका, आम्ही केली होती हौसेने, मग नोटरीला शिक्का मारायला जागाच राहिली नाही.