नळ गळतोय हे तिला सांगू की नको?

या महिन्यात आलेल्या पत्रांतली तीन पत्रं एकाच जागेवर बोट ठेवणारी निघाली, घरात आजारपण आलं की मैत्रीचं काय करायचं. तिघांचीही नावं छापत नाहीये.

प्रश्न : ताई, आम्ही दोघी २२ वर्षांपासूनच्या मैत्रिणी. रोज रात्री ओटा आवरून झाला की फोन, कधी दहा मिनिटं कधी तासभर, आणि विषय म्हणाल तर काहीच नाही, आज कपडे वाळलेच नाहीत, पोराने परत चार्जर हरवला, नवऱ्याने पडदे उलटे लावले आणि वर म्हणतो असेच असतात, असलंच सगळं. दोन महिन्यांपूर्वी तिच्या मिस्टरांना कॅन्सर निघाला, आता किमो चालू आहे. तेव्हापासून मला तिला माझं काही सांगायची लाजच वाटते. आमच्या सिंकचा नळ गळतोय, तीनदा प्लंबर येऊन गेला, एरवी मी हे अर्धा तास रंगवून सांगितलं असतं, पण आता तिच्यासमोर इतकं फालतू वाटतं की मी गिळूनच टाकते. मग उरतं काय, कसे आहेत, रक्तातल्या पेशींचे काउंट किती आले, काही लागलं तर सांग. परवा ती म्हणाली, "तू हल्ली नर्ससारखी बोलतेस." फोन ठेवल्यावर मला रडूच आलं. काय चुकलं माझं?

उत्तर : अगं, नळाचं सांग. आज रात्रीच सांग, तिन्ही प्लंबरसकट.

माझी आई दीड वर्ष अंथरुणाला खिळून होती तेव्हाची गोष्ट सांगते. फोन वाजला की मला कळायचं की आता रिपोर्ट वाचून दाखवायचाय. ताप किती, जेवली का, डॉक्टर काय म्हणाले, आणि हे दिवसातून सहा वेळा सहा जणांना, आणि प्रत्येक जण शेवटी "तू स्वतःची काळजी घे" म्हणून मोकळा व्हायचा. सगळी मायेची माणसं, तक्रार नाही. पण माझी एक मैत्रीण होती, तिची वॉशिंग मशीन चालायला लागली की चालायलाच लागायची, म्हणजे खरोखर, स्पिनला गेली की थडथडत बाथरूमच्या दाराकडे सरकत यायची. ती मला रोज फोन करून मशीनचा मुक्काम सांगायची. "आज कुठवर आली?" "उंबरठ्याला टेकली." मी आईच्या उशाशी बसून हसू दाबायचे. एकदा मीच म्हटलं की एक पाय अधांतरी असेल, पाय फिरवून बघ, नाहीतर जाड पुठ्ठ्याची घडी करून खाली सरकव. तिने सरकवली आणि मशीन दोन दिवस जागेवर राहिली! त्या दोन दिवसांत मला किती भारी वाटलं तुला सांगून कळणार नाही, कारण कित्येक महिन्यांत पहिल्यांदा कुणालातरी माझा उपयोग झाला होता आणि त्यात औषध, बेडपॅन, बिल काही नव्हतं.

तुझ्या मैत्रिणीचं तेच झालंय बघ. तिच्या घरात दिवसभर आजारच बोलतो, आणि रात्री तू फोन केलास की तोच आजार तुझ्या आवाजात परत येतो. तू लाजून गप्प बसलीस, पण तिला वाटलं की आपण आता हिच्यासाठी मैत्रीण राहिलो नाही, पेशंटची बायको झालो.

पण यात एक मेख आहे. नळ गळतोय हा किस्सा आहे, तो तिला जरूर सांग. "तुझ्या मिस्टरांच्या काळजीने मला झोप लागत नाही गं" हा किस्सा नाही, ते ओझं आहे, आणि ते उतरवायला तुझा नवरा, बहीण, दुसरी एखादी मैत्रीण, कुणीही चालेल, ती सोडून. सुझन सिल्क नावाच्या एका अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी हे फार सोपं करून ठेवलंय. त्यांना स्वतःला ब्रेस्ट कॅन्सर झाला होता, ऑपरेशननंतर त्या म्हणाल्या की सध्या कुणी भेटायला नको, तर ऑफिसमधल्या एका बाईंनी उत्तर काय द्यावं, "हे काही फक्त तुझ्यापुरतं नाहीये"! त्यातून त्यांनी एकात एक गोल काढायची कल्पना मांडली आणि २०१३ साली बॅरी गोल्डमन यांच्यासोबत लॉस एंजेलिसच्या पेपरात ती लिहिली. मधल्या गोलात पेशंट, त्याच्या बाहेर सगळ्यात जवळचं माणूस, मग पुढची, मग त्याच्या पुढची. आपल्यापेक्षा आतल्या गोलातल्या माणसाला फक्त आधार द्यायचा, रडणं-कुरकुरणं जे असेल ते बाहेरच्या गोलात न्यायचं. तिचे मिस्टर मध्ये, ती त्यांच्या लगेच बाहेर, आणि तू तिच्या बाहेर. म्हणजे ती तुझ्याकडे वाट्टेल ते बोलू शकते, अगदी मिस्टरांवर चिडूनसुद्धा. चिडली तर "असं नको गं बोलू, त्यांना किती त्रास होतोय" असं म्हणू नकोस, ते तिला तुझ्याहून जास्त माहितीये.

आणि ते "काही लागलं तर सांग" बंद कर. वाक्य चांगलं आहे पण त्यात सगळं काम तिच्यावरच पडतं, काय लागतंय ते तिने शोधायचं, कुणाला सांगायचं ते ठरवायचं, मग संकोच गिळून फोन करायचा. त्यापेक्षा "दर मंगळवारी चार ते सहा मी येऊन बसते, तू आतल्या खोलीत झोप" असं सांग. वार आणि वेळ दोन्ही ठरव. ती दोनदा नाही म्हणेल, तिसऱ्यांदा झोपेल. झोपली की उठवायचं नाही, सहा वाजले तरी.

फक्त वार ठरवताना किमोचं गणित बघ. बऱ्याच औषधांमध्ये डोस दिल्यावर साधारण ७ ते १४ दिवसांच्या मध्ये रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात, तेव्हा बाहेरून आलेली साधी सर्दीही महागात पडू शकते, नक्की दिवस त्यांचे डॉक्टर सांगतील. तुला किंवा पोराला शिंक आली तरी त्या आठवड्यात जाऊ नकोस, फोनवर ये. जाशील तेव्हा सेंट मारून जाऊ नकोस, किमोत वासानेही मळमळतं. आणि तू बसलेली असताना त्यांचं अंग गरम लागलं, थर्मामीटरवर १००.४ फॅरनहाइट किंवा वर दिसलं तर मात्र तिला लगेच उठव, घरातली तापाची गोळी देऊन वाट बघत बसायचं नाही, हॉस्पिटलला फोन लावायचा, मग रात्र असो की सुट्टीचा दिवस.

प्रश्न : माझ्या जिवलग मित्राच्या वडिलांना पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. लहानपणापासून मी त्यांच्या घरचाच. पण मी खोलीत गेलो की काका रडायला लागतात, मला काही सुचत नाही, मग मी मोठमोठ्याने काहीतरी बोलत बसतो. आता तीन आठवडे गेलोच नाही. मित्र काही बोलत नाही पण त्याला लागलंय. माझ्यामुळे त्यांना त्रास होत असेल तर न गेलेलंच बरं ना?

उत्तर : नाही हो, जा.

झटक्यानंतर बऱ्याच लोकांचा रडण्या-हसण्यावरचा ताबा सुटतो. ओळखीचं माणूस दिसलं, जुनं गाणं लागलं, एवढंही पुरतं. मेंदूला झालेल्या इजेमुळे हे होतं, त्यामुळे रडू आलं म्हणजे दर वेळी आत तेवढंच दुःख आहे असं नसतं. तुम्ही घाबरून उठून गेलात तर त्यांना जास्त ओशाळं वाटणार. रुमाल द्या, थांबा, मग जे बोलत होतात ते पुढे चालू करा. मात्र दिवसभरच उदास असतील, व्यायामाला नको म्हणत असतील तर मित्राला सांगा, डॉक्टरांच्या कानावर घालायला हवं, झटक्यानंतर डिप्रेशनही पुष्कळांना येतं आणि त्यावर उपचार आहेत.

मोठ्याने बोलायची गरज नाही, त्यांचे कान गेलेले नाहीत. डाव्या मेंदूला धक्का बसला की उजवी बाजू आणि भाषा दोन्ही सापडतात, पण शब्द बाहेर येत नाहीत म्हणजे आत काही कळत नाही असं समजू नका, खूप वेळा बोलता येतं त्यापेक्षा समजत जास्त असतं. छोटी वाक्यं करा, एका वेळी एकच गोष्ट, आणि हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारा. "काय बघायचंय" म्हणण्यापेक्षा "मॅच लावू का?" मग थांबा, त्यांना वेळ लागेल, तेवढ्यात आपण शब्द पुरवायचा मोह आवरा. टीव्ही चालू असेल तर आधी बंद करा. आणि लहान मुलाशी बोलतात तसं बोलू नका, तुम्हाला सायकल शिकवणारी पिढी आहे ती. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल "आज जेवले का हे" असं मित्राला विचारणंही टाळा, त्यांनाच विचारा.

दोन गोष्टींत मात्र उत्साह नको. उठवताना उजवा हात धरून ओढायचं नाही, लुळ्या हाताचा खांदा चटकन दुखावतो. आणि प्रेमाने पाण्याचा घोट किंवा खाऊ तोंडाला लावायचा नाही, गिळण्याचे स्नायू कमजोर असतील तर ते श्वासनलिकेत जातं, मित्राला विचारल्याशिवाय काहीच नाही.

आणि मित्रासाठी काही करायचं असेल तर कूस बदलायला शिका. जो पेशंट स्वतः हलू शकत नाही त्याला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर माकडहाड आणि टाचांना जखमा होतात, आणि दर दोन तासांनी म्हणजे रात्रीसुद्धा! सिस्टर किंवा फिजिओथेरपिस्ट येतील तेव्हा तिथे उभे राहा, खाली आडवी चादर घालून दोघांनी कसं सरकवायचं ते दाखवतील. शनिवारची रात्र तुम्ही घ्या, मित्र आठवड्यातून एकदा तरी सलग झोपेल. तीन आठवड्यांचं स्पष्टीकरण देत बसू नका, गडी येऊन चादरीचं एक टोक धरतो म्हटल्यावर तो समजेल.

प्रश्न : सासूबाईंचं गेलं वर्षभर सगळं मीच बघते, त्यांना डिमेन्शिया, म्हणजे विस्मृतीचा आजार आहे. मैत्रिणींच्या ग्रुपवर शेकडो मेसेज साठलेत, आता उत्तर द्यायलाच गिल्टी वाटतं. त्या घरी येतो म्हणतात तर मी टाळते, घराला एक वास असतो, आई कधी काय बोलतील भरवसा नाही. मी माणूसघाणी झालेय का?

उत्तर : नाही गं बाई. आजारी माणसाला सांभाळणाऱ्यावर किती भार आहे हे मोजायला एक प्रश्नावली असते, झारिट नावाच्या संशोधकांची, २२ प्रश्न असतात त्यात. त्यातला एक प्रश्न चक्क हाच आहे की घरातल्या पेशंटमुळे मित्रमंडळींना घरी बोलवायला संकोच वाटतो का. म्हणजे बघ, हे इतक्या जणांचं होतं की छापील प्रश्नच करावा लागला. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाशील तेव्हा आईंसोबत स्वतःचंही सांग, झोप किती मिळते, चिडचिड किती होते, सगळं.

साठलेले मेसेज वाचू नकोस, त्यांची उत्तरं कुणी मागितलेली नाहीत. ग्रुपमधल्या एकीलाच व्हॉइस नोट पाठव, भांडी घासता घासता पाठव, नळाचा आवाज येऊ दे, "माझ्याने टाइप होत नाही, तू ग्रुपवर सांग" म्हण. आणि त्याच एकीला घरी बोलव, सगळ्यांना एकदम नको, आईंनाही गर्दीने गोंधळायला होईल. येण्याआधी तिला दोन वाक्यांत सांगून ठेव की आई तुला ओळखणार नाहीत, तेच ते पुन्हा विचारतील, तू दर वेळी नव्याने उत्तर दे, "आत्ताच सांगितलं ना" म्हणू नकोस. घर आवरत बसू नकोस. खुर्चीवर कपड्यांचा ढीग असेल तर असू दे, ती ढीग मांडीवर घेऊन बसेल आणि बोलता बोलता घड्या घालायला लागेल, आईंच्या हातातही दोन टॉवेल दे, त्याही घालतील.