वाचक विचारतात : वाडीच्या रस्त्याला शासकीय निधी कोणत्या नियमाने मिळतो?

प्रश्न : पाटण तालुक्यात डोंगरउतारावर आमची वाडी आहे. लोकसंख्या साडेतीनशेच्या आसपास आहे. मूळ गावापासून वाडीपर्यंतचा कच्चा रस्ता पावसाळ्यात वाहून जातो आणि आजारी माणसाला झोळीतून खाली आणावे लागते. ग्रामसभेत दर वर्षी ठराव होतो, पण निधी मिळत नाही. आम्ही नियमात बसत नाही का? (एक ग्रामपंचायत सदस्या)

उत्तर : आपण कोणत्या योजनेकडे मागणी करता, यावर याचे उत्तर अवलंबून आहे. प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेच्या 2024 मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यात सर्वसाधारण भागासाठी 2011 च्या जनगणनेनुसार किमान 500 लोकसंख्येची अट आहे. 250 ची सवलत ईशान्येकडील व डोंगरी राज्ये, अनुसूचित क्षेत्रे (म्हणजे घोषित आदिवासी भाग), आकांक्षित (म्हणजे विकासात मागे असल्याने केंद्राने निवडलेले) जिल्हे व तालुके आणि वाळवंटी भाग यांच्यासाठी आहे. पाटण सह्याद्रीत असले, तरी केवळ त्या कारणाने ही सवलत आपोआप मिळत नाही. दुर्गम वाड्यांवर हा अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण सह्याद्रीतली वस्ती मुळातच विखुरलेली असते आणि पाचशे माणसे एका ठिकाणी राहतील एवढी सपाट जागाच तिथे नसते. मात्र जवळजवळच्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरण्याची तरतूद या योजनेत सुरुवातीपासून आहे. शेजारच्या वाडीसह आपला आकडा अटीत बसतो का, हे योजनेच्या जिल्हा यंत्रणेकडे लेखी विचारावे.

लोकसंख्येच्या अटीत न बसणाऱ्या वाडीसाठी अन्य वाटा आहेत : जिल्हा नियोजन समितीकडून जिल्हा परिषदेला मिळणारा ग्रामीण रस्त्यांचा निधी, डोंगरी विकास कार्यक्रम, आमदार व खासदार यांचा स्थानिक विकास निधी आणि वस्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांची असल्यास त्या वस्त्यांच्या विकासाची योजना. वित्त आयोगाच्या अनुदानातील अबंधित हिस्सा, म्हणजे ठरावीक कामाचे बंधन नसलेली रक्कम, ग्रामपंचायत आपल्या विकास आराखड्यानुसार रस्त्यावर खर्च करू शकते; परंतु डोंगरातला लांब रस्ता एवढ्या रकमेत होत नाही. त्यातून एखादी मोरी किंवा चढावरचा काँक्रीटचा तुकडा करता येईल.

परंतु यांपैकी कोणत्याही दारात जाण्यापूर्वी एक गोष्ट तपासणे आवश्यक आहे आणि बहुतेक प्रस्ताव तिथेच अडतात. जिल्हा परिषदेच्या रस्ते आराखड्यात आपल्या रस्त्याला ग्रामीण मार्ग म्हणून क्रमांक आहे का? ज्या रस्त्याला क्रमांक नाही, तो कागदोपत्री अस्तित्वातच नसतो आणि त्यावर निधी टाकण्यास अधिकारी साहजिकच तयार होत नाहीत. क्रमांक नसेल, तर यंदाच्या ग्रामसभेत निधी मागण्याऐवजी रस्त्याची लांबी, सुरुवातीचे व शेवटचे ठिकाण नमूद करून आराखड्यात समावेशाची मागणी करणारा ठराव करावा. दुसरी बाब जागेची. ग्राम सडक योजनेच्या निधीतून भूसंपादनाचा खर्च करता येत नाही, म्हणून ज्यांच्या जमिनीतून रस्ता जातो, त्यांचे संमतिपत्र किंवा बक्षीसपत्र आधीच जोडलेले असावे.

आपल्या भागात वनजमिनीचा प्रश्नही येतो. वनहक्क कायदा, 2006 च्या कलम 3(2) नुसार गावाच्या रस्त्यासाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळती करता येते; हेक्टरी 75 पेक्षा अधिक झाडे तोडावी लागू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी, या त्यातील अटी आहेत. ही तरतूद अनेक ग्रामपंचायतींना माहीत नसते आणि ‘जागा वनखात्याची आहे’ एवढ्या एका वाक्यावर वर्षानुवर्षे काम थांबून राहते, याचे मला फार वाईट वाटते. रस्ता अभयारण्यातून किंवा व्याघ्र प्रकल्पातून जात असेल, तर मात्र वन्यजीवविषयक स्वतंत्र परवानगी लागते.

प्रश्न : जत तालुक्यातील आमच्या शिवारात जुनी पाणंद आहे. एका शेतकऱ्याने ती नांगरून टाकली आहे. शासकीय योजनेतून तिचे मजबुतीकरण होईल का?

उत्तर : अडथळा असलेल्या पाणंदीवर निधी खर्च होत नाही, त्यामुळे आधी वाट मोकळी करून घ्यावी लागेल. गावनकाशात गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने दाखवलेली असते. त्या नकाशाची प्रत काढावी. वहिवाटीची वाट कोणी अडवली असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो, पण तो अडथळा निर्माण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. ही मुदत कृपया चुकवू नये. पूर्वीची वाटच नसेल आणि बांधावरून नवा रस्ता हवा असेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम 143 नुसार अर्ज करावा. वाट मोकळी झाल्यावर पाणंद रस्त्यांसाठी चालू असलेल्या योजनेत ग्रामपंचायतीमार्फत प्रस्ताव देता येईल.

प्रश्न : आमच्या रस्त्याला मंजुरी मिळाल्याचे फलक लागले, पण काम सुरू झालेले नाही. याचा अर्थ काय समजावा? (शिराळा)

उत्तर : प्रशासकीय मान्यता म्हणजे काम करण्यास दिलेली तत्त्वतः संमती होय. त्यानंतर अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता (म्हणजे अभियंत्यांची मंजुरी), निविदा आणि कार्यारंभ आदेश (म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करण्याचा आदेश) हे टप्पे असतात. शिवाय जिल्हा परिषदेला नव्या कामांसाठी रक्कम ठरवताना आधीच्या अपूर्ण कामांचे दायित्व, म्हणजे त्यांच्यासाठी द्यावयाची बाकी रक्कम, प्रथम वजा करावे लागते, त्यामुळे मान्यता मिळालेले कामही निधीच्या प्रतीक्षेत राहू शकते. माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करून प्रशासकीय मान्यतेचा आदेश, तांत्रिक मान्यता आणि कार्यारंभ आदेश या तिन्हींच्या प्रती मागाव्यात. सर्वसाधारणपणे 30 दिवसांत उत्तर देणे जनमाहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे आणि यांपैकी जी प्रत मिळणार नाही, त्या टप्प्यावर आपले काम थांबले आहे, असे समजून पाठपुरावा त्याच विभागाकडे करावा.