पाचट फुकट देऊ नका, नेपियर गवताची फी भरू नका

प्रश्न (ता. वाळवा): उसाचा खोडवा (तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणारं पुढचं पीक) धरणार आहे. गॅस प्रकल्पासाठी एजंट पाचट (उसाची वाळलेली पानं) फुकटात गोळा करून नेतो म्हणतो. ठेवायचं तर दुकानदार एकरी तीन पोती युरिया सांगतो.

फुकटात नेतोय म्हणजे तुमचं पालाश (पोटॅश) नेतोय. टनाला सात ते दहा किलो, आणि एकरात पाचट निघतं तीन-चार टन. गॅसला कारखान्यात प्रेसमड (रस गाळल्यावरची मळी) आहे, इथेनॉलला मोलॅसिस (साखर काढल्यावरची काकवीसारखी मळी), विजेला बगॅस (उसाचा चोथा). रानातलं पाचट रानातच ठेवा. काडी तर लावूच नका.

पाचटाच्या टनाला युरिया ८ किलो, सुपर फॉस्फेट १० किलो, पाचट कुजवणारे जिवाणू १ किलो. चार टनांना ३२ किलो युरिया होतो, म्हणजे ४५ किलोचं एक पोतंही संपत नाही. मग तीन पोती कुणाच्या भल्यासाठी? पाचट सरीत दाबा, बुडखे मोकळे करून जमिनीलगत छाटा, खत टाका आणि त्याच दिवशी पाणी सोडा. वीज नाही, पाण्याची पाळी आली नाही, तर युरिया पोत्यातच राहू द्या. कोरड्या पाचटावरचा युरिया हवेत उडतो. जिवाणू शेणखतात मिसळून द्या. युरियाच्या घमेल्यात कालवू नका. पुन्हा सांगतो, कालवू नका.

प्रश्न (ता. तासगाव): छाटणीच्या काड्यांचा बायोचार (कमी हवेत जाळून केलेला कोळसा) बागेत किती टाकू? विक्रेता एकरी पाच टन म्हणतो.

काड्या जाळण्यापेक्षा कोळसा बरा, त्यातला कार्बन मातीत वर्षानुवर्षं टिकतो. पण आधी माती तपासा. सामू (pH) ८ च्या वर असेल किंवा रान क्षारपड असेल तर नको, कारण कोळशासोबतची राख सामू आणखी चढवते. कोरा कोळसा नत्रही धरून बसतो. ऐन फुटीच्या वेळी टाकलात तर बाग पिवळी पडेल. शेणस्लरीत पंधरा दिवस भिजवा आणि यंदा फक्त दोन ओळींना द्या. पाच टनांचं नाव काढू नका.

प्रश्न (ता. खटाव): गॅससाठी नेपियर लावायचं, नोंदणी फी आगाऊ मागतात.

देऊ नका. २०१८ची केंद्राची ‘सतत’ योजना प्रकल्पाचा गॅस तेल कंपन्यांनी विकत घेण्याची आहे. तुमच्या गवताचा दर त्यात नाही. हिरव्या नेपियरात पाचातले चार हिस्से पाणी, लांबची वाहतूक परवडत नाही. आधी प्रकल्प डोळ्यांनी बघा. गॅस निघत नसेल तर तो बेणं विकायचा धंदा समजा. तरी लावायचंच असेल तर दहा गुंठे लावा. पहिल्या कापणीचे पैसे खात्यात पडले की मग वाढवा. नाही पडले, तर जनावरं खातील.